चौकटीला हात लावायचा न्हाई

लातुरात खोली भाड्याने मागायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. गावावरूनही झाला नाही तर "जेवणात काय काय चालतं?" असं विचारतो, आणि तेवढ्यावरही भागलं नाही तर खोली कालच गेली म्हणून सांगतो. हिमायतनगरहून मी इथल्या एका शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवायला आले, तेव्हा अशा कालच गेलेल्या पुष्कळ खोल्या पाहून माझं डोकं तापलेलं होतं. त्यात अप्पा भेटले.

ऐंशी ओलांडलेले, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, धोतर, बंडी आणि भर दुपारी हातात टॉर्च. त्यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "मॅडम, दाराच्या चौकटीला काय लावणार?"

मला वाटलं, हा म्हातारा बाकीच्यांपेक्षा पोचलेला आहे. चौकटीला काय लावणार म्हणजे देव कोणता, म्हणजे जात कोणती! मी म्हणाले, "कुलूप."

"ते कडीला लावतेत. चौकटीला काय?"

"काही नाही."

"बरं. पुढं आठवलं की लावा. पर एक हाय, एकदा लावलं की मंग चौकटीला हात लावायचा न्हाई. तुमी बी न्हाई, मी बी न्हाई." आणि किल्ली माझ्या हातात ठेवून निघून गेले.

अप्पांच्या त्या प्रश्नाने किती लोक भडकले असतील याला गणती नाही. शेजारच्या खोलीत नांदेडकडचा एक मुलगा राहायचा. त्याचे वडील म्हणे बाह्या सरसावून उभे राहिले होते, "सरळ जात विचारा ना!" अप्पा गोंधळले. त्यांना जातीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना चौकटीशी होतं. मग त्या वडिलांनी रागारागात बाजारातून निळं अशोकचक्र आणून चौकटीवर असं ठोकलं की भिंत हलली. अप्पा खूश! "हां, असं पक्कं बसाय पायजे," म्हणाले.

आमच्या खोल्यांची ओळ बघण्यासारखी होती. चौकटींवर लिंबू-मिरच्या, आंब्याचे वाळून खडंग झालेले डहाळे, घोड्याची नाल, पितळी पट्टीवरची कुराणातली आयत, क्रूस, कुठल्याशा बुवांचा अंगारा बांधलेली पुडी, आणि एका मुलाने लावलेलं डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं जुनं हॉल तिकीट. बिऱ्हाड सोडून गेलं तरी त्यांचं लावलेलं तिथेच राहायचं. पुढच्याने त्याच्या शेजारी आपलं लावायचं. एका खोलीवर तर आयतेच्या खाली नाल आणि नालेच्या खाली लिंबू अशी गर्दी होती, आणि आत राहणारी मुलगी माझ्याच वर्गातली, कशालाच न मानणारी. रोज संध्याकाळी अप्पा टॉर्च घेऊन फिरायचे आणि एकेका चौकटीवर उजेड टाकून सगळं जागच्या जागी आहे ना बघायचे. मुलं त्यांना गस्तवाले म्हणायची. त्यांनाही ते माहीत होतं.

हट्टीपणा म्हणाल तर विचारू नका. एकदा लाइटचा माणूस नवीन मीटर बसवायला आला. वायर न्यायला त्याने घोड्याच्या नालेच्या बाजूने भोक पाडायचं ठरवलं. अप्पा दारात आडवे उभे राहिले. तो म्हणाला, मग लाइट मिळणार नाही. अप्पा म्हणाले, "नका देऊ." परीक्षा तोंडावर, उन्हाळा असा की अंगाची लाही, आणि आम्ही सगळे अंधारात! मी जाऊन भांडले. पोरांनी हातापाया पडून पाहिलं. अप्पांनी आम्हाला मेणबत्त्या आणून दिल्या, स्वतःच्या हाताने ताक करून पाजलं, पण नाल हलू दिली नाही. शेवटी वायर छतावरून फिरवून आली.

बाकीच्या खोल्या सिमेंटच्या, चौकटी लोखंडी. फक्त माझ्या खोलीला जुनी सागवानी चौकट होती. जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा अप्पांनी ती तेवढी काढून ठेवून परत बसवली होती, आणि तिच्या मापाने भिंत बांधून घेतली होती. आत जाताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, तिला खिळ्यांची दोन भोकं होती. एक वर, एक जरा खाली, तिरकी. बाकी काही नाही. माझ्या चौकटीवर टॉर्च सगळ्यांत जास्त वेळ का थांबतो, हे मला बरेच दिवस कळलं नाही. माझ्यावर नजर ठेवतात असं वाटून मी एकदा दार धाडकन लावूनही घेतलं.

मग नातवाचं लग्न ठरलं. अप्पांचा मुलगा, त्याला सगळे अण्णा म्हणायचे, बाजारात आडत दुकान चालवायचा. पाहुण्यांनी ही दारं बघितली तर काय म्हणतील, या काळजीने तो बिचारा कधीचा कुढत होता. अप्पा एका कार्याला किल्लारीला गेले, ती संधी साधून त्याने रंगारी बोलावला. संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकटी बोडक्या आणि चकचकीत तपकिरी. वर्षानुवर्षांचं जे काय होतं ते एका गोणीत.

अप्पा जीपमधून उतरले, टॉर्च लावला आणि एकेक चौकट बघत माझ्या दारापर्यंत आले. दोन भोकांत लांबी, भेगा बुजवायचा लगदा, भरून रंगाऱ्याने वरून हात मारला होता. अप्पांनी तिथून बोट फिरवलं. काही लागलं नाही. ते माझ्या उंबऱ्यावर बसले.

रात्री जेवले नाहीत. सकाळी अंघोळ केली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेऊन पूजा केली आणि परत येऊन उंबऱ्यावर बसले. चहासुद्धा नाही. अण्णा समजूत घालून थकला. "अप्पा, लेकराचं लगीन हाय. लोक दारं बगून हसतेत हो." अप्पा म्हणाले, "हसू दे. लावलेलं काढून टाकायचा रिवाज आपल्या घरात एकदाच झाला. दुसऱ्यांदा न्हाई."

दुपारी गोणी ओतली गेली. कोणती नाल कुठली, कोणता क्रूस कुठला, कोणाला आठवणार? मग मी वर्गात फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी सूत्रं हातात घेतली. सोडून गेलेल्या बिऱ्हाडांना फोन लावले. "तुमचं लिंबू डाव्या बाजूला होतं की उजव्या?" असं विचारल्यावर माणसं काय काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. अण्णाने स्वतः हातोडी घेतली, तोंड फुगवून का होईना. संध्याकाळपर्यंत सगळं परत चढलं. तरी अप्पा उठेनात. तेव्हा मी केसातली पिन काढली आणि माझ्या चौकटीतली लांबी कोरायला लागले. पिन वाकली. दुसरी घेतली. दोन्ही भोकं मोकळी झाली तेव्हा अप्पांनी परत बोट फिरवलं आणि म्हणाले, "चहा टाका."

"टाकते, पण आधी सांगायचं. या भोकांत काय आहे?"

त्यांनी बंडीच्या आतून दोन दोरे बाहेर ओढले. एका दोऱ्याला त्यांच्या लिंगाची डबी. दुसऱ्याला बोटाएवढी लांब, चपटी पितळी नळी, झिजून गुळगुळीत झालेली.

"हे एरिकचं लिंग," ते म्हणाले.

एरिक हा त्यांचा दोस्त. लढाईचा काळ, इथे निजामाचं राज्य. जर्मनीत ज्यूंची घरं फोडायला, माणसं उचलायला सुरुवात झाली तेव्हा एक यंत्रं दुरुस्त करणारा माणूस बायको आणि पोराला घेऊन पळाला, आणि कुठून कुठून लातूरच्या सरकीच्या गिरणीत कामाला लागला. बिऱ्हाड केलं अप्पांच्या वडिलांच्या घरात, मागच्या खोलीत. एरिक आणि अप्पा एका वयाचे. दोघांनाही उर्दू शाळेत घातलेलं, आणि दोघांनाही उर्दूचा गंध नाही, कारण एकाच्या घरात मराठी आणि दुसऱ्याच्या घरात जर्मन. मास्तर काय म्हणतात ते न कळणारी दोनच पोरं वर्गात, म्हणून ती शेवटच्या ओळीत शेजारी बसवलेली. बाजारातली मोडकी दखनी बोली उचलून दोघं एकमेकांशी बोलायला शिकले.

एरिकचे आईवडील मटण खायचे नाहीत. त्यांच्या रीतीने कापणारा इथे कोणी नव्हता, एवढंच त्याचं कारण. पण अप्पांच्या आईने निष्कर्ष काढला की हे आपल्यातलेच, लांबच्या मुलखातले लिंगायत. त्यात ती नळी. दाराच्या चौकटीला ठोकलेली, आणि घरातलं माणूस येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायचं. अप्पांनी विचारलं, यात काय आहे? एरिक म्हणाला, देवाचं नाव.

"मंग माजी खात्रीच झाली," अप्पा म्हणाले. "पळून येताना ह्यांचं दोरं तुटलं. तीन माणसांत एकच लिंग उरलं, ते बी दाराला ठोकून ठेवलंय. अंगावर लिंग न्हाई म्हंजी घास गिळायचा न्हाई, असं आमाला शिकिवलेलं. अन् हे तर रोज जेवतेत! मला लई वाईट वाटलं बगा. म्हनलं, निदान एरिकच्या तरी गळ्यात घालू. पकडीनं खिळं काढलं अन् नेलं. आमचे गुरू, जंगम, सोमवारी यायचे, त्यांच्याकडून दोरा घेतला. सोमवारी दोरा ववून गेलो तर खोली मोकळी. सकाळच्या गाडीनं गेलते."

"का?"

"कुणी सांगितलंच न्हाई. नंतर आई म्हनली, दारावरचं कुणी उपटलं म्हनून बाई लई रडली. दुसऱ्याचं लिंग अंगावेगळं कसं ठेवायचं? म्हनून मी घातलं. तवापासून हायच."

चहा राहिला बाजूला. मी फोनवर शोधायला बसले. फार शोधावं लागलं नाही. ज्यू लोक दाराच्या उजव्या चौकटीला असंच तिरकं लावतात. त्याला मेझुझा म्हणतात. आत चामड्यावर हाताने लिहिलेला देवाचा मजकूर असतो आणि त्याची जागा दारावरच. मी ते चित्र अप्पांना दाखवलं.

"म्हंजी दाराचंच होतं? गळ्यातलं न्हवतंच?"

"नाही, अप्पा."

त्यांनी नळी परत बंडीच्या आत घातली. मला वाटलं, सांगायला नको होतं. या वयात काय मिळवलं मी? दुसऱ्या दिवशी वर्गाला निघाले तर दारात उभे. "मॅडम, त्याला हुडका. त्याच्या आईला वाटलं आसंल, लातूरच्या लोकांनी वैर केलं. ते काय मी मागं ठेवून जाणार न्हाई."

आता जगाच्या पाठीवर एरिक किती! हिंदुस्थानात आसरा घेतलेल्या ज्यूंच्या नातवंडांचे फोनवर गट आहेत, तिथे मी लिहीत राहिले. चुकीचे एरिक सापडले, एक तर लातूर कुठे आहे ते मलाच विचारत बसला. अप्पा रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन दारात. "घावला का?" एकदा मी वैतागून म्हणाले, "तो काय चुकलेलं म्हसरू आहे का अप्पा?" ते शांतपणे म्हणाले, "म्हसराच्या शिंगाचं वळण सांगता येतं. ह्याचं... कान लई मोठं होतं. लिव्हा तसं." मी हसत हसत लिहिलं, कान फार मोठे होते. आणि त्यावरच मेलबर्नहून एका मुलीचं उत्तर आलं. तिचे आजोबा लहानपणी निजामाच्या राज्यात एका सरकीच्या गिरणीजवळ राहत होते. पुढे तिने लिहिलं होतं, कान अजून आहेत.

रविवारी सकाळी आम्ही फोन लावला. अप्पा लग्नातला काळा कोट चढवून, तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर ताठ बसले. पलीकडे चाकाच्या खुर्चीत एक म्हातारा, शेजारी नात. मग पलीकडचा म्हातारा म्हणाला, "कायकू निकाला रे?"

नमस्कार नाही, कसा आहेस नाही. अप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. "ह्याला ठाव होतं?"

एरिकची दखनी तेवढ्यावर संपत आली होती. पुढचं तो बोलला, नातीने इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत सांगितलं. त्याने खिडकीतून बघितलं होतं. आपला दोस्त पकडीने खिळे काढतोय, नळी खिशात घालतोय, सगळं. संध्याकाळी आई आली, सवयीने चौकटीला बोटं लावली, आणि तिथेच खाली बसली. म्हणाली, ते इथेही आले. जर्मनीतल्या ज्या गावातून हे पळाले तिथे घरं फोडणाऱ्यांनी आधी दारावरचंच उपटलं होतं. वडिलांनी गिरणीत विचारलं, कोणाला काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते एरिकला, आणि तो गप्प राहिला. नाव घेतलं तर वडील घरमालकाला सांगतील आणि दोस्ताला मार बसेल, म्हणून. आपल्या दोस्तालाही कोणीतरी शिकवून पाठवलं, असं समजून तो गाडीत बसला, आणि तरीही त्याने कधीच कोणाला नाव सांगितलं नाही.

माझं मराठीत सांगून व्हायच्या आत अप्पा ओरडले, "मारे तो मारने देना था रे! तू तो नै जाता था!"

एवढ्या मोठ्याने की खोल्याखोल्यांतली पोरं धावत आली. पलीकडे एरिकने चष्मा काढला. अप्पांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग अप्पांनी सगळं सांगितलं, तीन माणसांतलं एक लिंग, जंगम, सोमवार, दोरा. मी भाषांतर करत होते. एरिक ऐकता ऐकता हसायला लागला, मग हसणं आणि रडणं वेगळं करता येईना.

"भेजता मैं," अप्पा म्हणाले. "तेरा तेरेकू."

एरिक म्हणाला, आधी उघड.

अप्पांनी ती कधीच उघडली नव्हती. दुसऱ्याची डबी उघडायची नसते. माझ्या केसातल्या पिनेने झाकण निघालं. आतलं चामडं पितळेला चिकटून काळपट झालं होतं. अक्षर एकही नव्हतं. सत्तर वर्षांचा घाम, उन्हाळे, अंघोळी. अप्पांनी त्यावर टॉर्च धरला. "मी पुसलं," ते म्हणाले. "देवाचं नाव हुतं, मीच पुसलं."

एरिक बराच वेळ नातीशी बोलला. मग ती म्हणाली, अक्षरं गेली की हे परत कुठल्याच दारावर चढत नाही. फेकायचंही नसतं. त्याला कबरस्तानात पुरतात, माणसासारखं. पुष्कळदा माणसाबरोबरच.

"तुमच्यात बी मातीच देतेत?" अप्पांनी विचारलं.

"हौ," एरिक म्हणाला.

"आमच्यात बी."

"तो तू लेके जा," एरिक म्हणाला. "मैं पीछे आता."

दुसरा कोणी असता तर इथे डोळे पुसून उठला असता. अप्पा उठले नाहीत. "तुजी आई?" आई जाऊन खूप वर्षं झाली होती. "आपल्या गावाला काय म्हनायची?" मग नातीने सांगितलं, पणजीने त्या गावाचं नाव परत घेतलंच नाही.

"मंग जाऊन सांग," अप्पा म्हणाले. "तिच्या मातीपाशी जा अन् सांग. लातुरात कुणी वैरानं काढलं न्हाई. तुज्या दोस्तानं दोरा ववायला नेलतं. तू सांगितल्याबगर मी हे हातात घेणार न्हाई, अन् सांगितल्याबगर मरणार बी न्हाई."

नात म्हणाली, कबरस्तान लांब आहे, तिकडे हिवाळा आहे, आजोबांना बाहेर काढता येत नाही. अप्पा म्हणाले, थंडी जाऊ दे. त्याच पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी अण्णाला बाजूला घेऊन नातेवाइकांना कळवायला सांगितलं, आणि नातेवाईक आलेही. अप्पा प्रत्येकाला विचारायचे, "गेला का तो?" कोण, कुठे, त्यांना काय माहीत? ते म्हणायचे, भ्रम झाला. अण्णा म्हणायचा, "भ्रम न्हाई. थांबलेत." त्या दिवसांत अण्णाच मला रोज विचारू लागला, घावला का निरोप? अप्पा उठून बसले, पेज प्यायला लागले, डॉक्टरांना खोटं पाडलं.

दिवाळीच्या आधी फोटो आला. चाकाची खुर्ची एका दगडापाशी नेलेली, अंगावर घोंगडी, आणि एरिक दगडाकडे वाकून बसलेला. अप्पांनी फोन अगदी डोळ्यांजवळ धरला. "तोंड उघडं हाय," ते म्हणाले. "म्हंजी सांगायलाय." आणि फोन माझ्याकडे परत दिला.

अप्पा उन्हाळ्यात गेले. लिंगायतांत बसवून माती देतात. खड्ड्यात मांडी घालून बसवलं, विभूती लावली, बेलाची पानं घातली, डाव्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं. मग अण्णा खाली उतरला आणि त्याने ती पितळी नळी उजव्या तळहातात ठेवून बोटं मिटवली. मातीला आलेले जंगम बाहेरगावचे होते. ते वाकून म्हणाले, "हे काय आणि? दुसरं लिंग कुणाचं?" माणसं पुढे सरकली, कुजबूज सुरू झाली. मी पुढे झाले. मेझुझा म्हणजे काय, ज्यू म्हणजे कोण, सगळं समजावून सांगायच्या तयारीत होते.

अण्णाने मान वर केली नाही. बापाची बोटं नीट मिटलीत ना बघत तो म्हणाला, "दोस्ताचं हाय. इचारून ठेवलंय."